पितळ उघडं पडेल ही भीती, आणि थकून गेलेलं डोकं: नव्या डेव्हलपरांचे अनुभव

हा धागा काढायला निमित्त झालं ते परवाचं. आमच्या टीममध्ये नवीन आलेली मुलगी, नोकरीला जेमतेम चार महिने झालेत. लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली, "ताई, मला वाटतं इंटरव्ह्यूत माझ्या बाबतीत त्यांची काहीतरी चूक झाली. अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही एवढंच." तिचं काम उत्तम आहे. मी तिला तसं सांगितलंही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ते आत पोचलं नाही. मलाही त्या वयात पोचलं नसतं.

आधी माझं सांगते. पहिल्या वर्षातलं एक टिकेट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, होतं: काही ग्राहकांना तारीख एक दिवस आधीची दिसते. मी "अर्धा दिवस" असा अंदाज दिला आणि नऊ दिवस त्यात अडकले. रोज सकाळी स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगमध्ये, "होत आलंय" म्हणायचे. मग ते खरं करण्यासाठी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरत असताना तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. चॅटमध्ये सीनियरसाठी प्रश्न टाइप करायचा, वाचायचा, "एवढंही येत नाही का" असं त्याला वाटेल म्हणून पुसून टाकायचा. एका रात्री हे मी सहा वेळा केलं. दहाव्या दिवशी त्यानेच विचारलं. सर्व्हर तारीख यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्रीची म्हणून पाठवत होता, आणि ब्राउझर ती बघणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये बदलत होता. यूटीसीच्या मागे असलेल्या भागात तीच वेळ आदल्या दिवशीची संध्याकाळ होते. पंधरा मिनिटांत उलगडलं. तो म्हणाला, "यात मी दोनदा अडकलोय. पहिल्याच दिवशी का नाही विचारलंस?"

मला नऊ दिवस खाल्ले ते टाइमझोनने नव्हे, लपवण्याने. येत नाही हे झाकायला जास्त काम, जास्त कामाने थकवा, थकलेल्या डोक्याने चुका, आणि चुका दिसल्या की पुन्हा "बघ, तुला येतच नाही". इम्पोस्टर सिंड्रोम (आपण लायक नाही, पितळ उघडं पडेल असं वाटणं) आणि बर्नआउट (कामाने पार गळून जाणं) ही दोन दुखणी वेगळी असतील, पण माझ्यात ती एकाच दारातून आली.

पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये इम्पोस्टरच्या, म्हणजे तोतया असल्याच्या, भावनेवर लिहिलं ते कर्तबगार स्त्रियांना भेटून. पदव्या, यश, मान सगळं असूनही "मी लोकांना फसवलंय" असं त्यांना वाटत होतं. त्यांनी याला रोग म्हटलं नव्हतं. मराठीत आपण तोतया म्हणतो तो दुसऱ्याचं नाव लावून बसतो. आपण तर आपल्याच नावावर, आपणच दिलेल्या परीक्षेतून इथे आलोय. हे मला फार उशिरा सुचलं.

तुमचे अनुभव लिहा. नेमकं काय झालं, कशाने बरं वाटलं, कशाने अजिबात नाही वाटलं.

फ्रंटएंड, १४ महिने

माझ्या पहिल्या मोठ्या पीआरवर (तपासणीसाठी टाकलेल्या कोडवर) ३७ कॉमेंट आल्या. प्रत्येक नोटिफिकेशनला पोटात खड्डा. तो पूर्ण दिवस मी नुसता स्क्रीनकडे बघत होतो, एकही कॉमेंट उघडली नाही.

संध्याकाळी कागद घेतला आणि त्या मोजल्या. २१ व्हेरिएबलच्या नावांच्या आणि फॉरमॅटिंगच्या होत्या. नऊ "हे असं का केलंस?" म्हणजे खरोखरचे प्रश्न होते, टोमणे नव्हेत. पाच सूचना होत्या. खऱ्या चुका दोन. मग टीममधल्या सर्वांत जुन्या माणसाचे पीआर उघडून बघितले, तर त्याच्याही खाली लांबलचक चर्चा. मला वाटायचं कॉमेंट फक्त नवख्यांना येतात.

त्यानंतर फॉरमॅटिंगसाठी लिंटर (कोडमधल्या अशा चुका आपोआप दाखवणारं टूल) लावून घेतला आणि पीआर लहान करत गेलो. दोनशे ओळींच्या आत ठेवला की वाचणारा नीट वाचतो आणि माझंही काळीज जागेवर राहतं. अजून धडधडतं, नाही असं नाही. पण आता उघडून वाचतो.

बॅकएंड, ३ वर्षं

मी प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमचा, डेटा बिघडवलाय. नोकरीचा सातवा महिना होता.

एका ग्राहकाचा पत्ता दुरुस्त करायचा होता. अपडेट क्वेरी लिहिली, व्हेअरची ओळ (कोणाचा डेटा बदलायचा ते सांगणारी) खाली होती, सिलेक्ट करताना ती सुटली आणि मी एंटर मारला. स्क्रीनवर आलं: ४८ हजारांवर ओळी बदलल्या. तो आकडा अजून डोळ्यांसमोर आहे. हातपाय गळाले. पहिला विचार "कुणाला कळलं तर?" हा होता, "आता दुरुस्त कसं करू?" हा नव्हता, आणि त्याची मला आजही लाज वाटते. चार मिनिटं गप्प बसले. मग लीडला फोन केला.

ती एवढंच म्हणाली, "बरं. काही चालवू नकोस, मी येतेय." रात्रीच्या बॅकअपमधून तो कॉलम परत आणायला तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेमची, म्हणजे काय चुकलं ते तपासायची, मीटिंग झाली. मी रडायच्या बेतात होते. पण तिथे माझं नाव कुठेच नव्हतं. प्रश्न असे होते: सात महिन्यांच्या डेव्हलपरला प्रॉडक्शनवर थेट लिहिण्याचा ॲक्सेस का होता? क्वेरी ट्रान्झॅक्शनमध्ये (जिथून मागे फिरता येतं) उघडून, ओळींचा आकडा बघून मगच कमिट (पक्की) करायची, हे कुठे लिहिलेलं का नव्हतं?

नंतर मी असे प्रसंग शोधून वाचले. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट केली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले, आणि जवळपास सहा तासांचा डेटा परत मिळाला नाही. कंपनीने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, आणि भरवशाचे म्हणून धरलेले बॅकअप चालतच नव्हते हेही त्यातच सांगितलं. मला त्यातून हे घेता आलं: चूक एका बोटाने होते, पण ती तिथवर पोचायला आधीची बरीच दारं उघडी असावी लागतात.

हे सगळ्यांच्या नशिबी नसतं याची मला जाणीव आहे. त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीला याहून लहान चुकीसाठी सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. ती अजून कुठलीही कमांड तीनदा दुसऱ्याला दाखवल्याशिवाय चालवत नाही.

क्यूए ऑटोमेशन, ५ महिने

सध्या यातच आहे. रविवारी दुपार सरली की पोटात गोळा येतो. एवढंच लिहवतंय.

धागाकर्ती

एवढं लिहिलंत तेच खूप आहे. घाई नाही.

आधी शिक्षक, आता डेव्हलपर, २ वर्षं

अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं. वर्गात मुलं "सर, कळलं नाही" म्हणायची तेव्हा मला आनंद व्हायचा, कारण तिथून शिकवता यायचं. पण मीटिंगमध्ये माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान मुलं कॅशिंग, क्यू, डेडलॉक असं भराभर बोलत असताना मी मान डोलवायचो. एकदाही "कळलं नाही" म्हणालो नाही.

मग वही केली. मीटिंगमध्ये न कळलेला शब्द डावीकडे, तारखेसकट. उजवी बाजू कोरी. संध्याकाळी त्यातला एकच शब्द समजून घ्यायचा आणि वर्गात समजावतो तसा दोन ओळींत लिहायचा. पहिल्या महिन्यात डावीकडे ६४ शब्द झाले आणि उजवीकडे वीसही नाहीत, तेव्हा फार खचलो. आठव्या महिन्यात मागची पानं चाळली आणि लक्षात आलं की डावीकडचे बहुतेक शब्द मी आता न अडखळता वापरतो. मला दुसऱ्या कुणाच्या कौतुकाने पटलं नव्हतं, माझ्याच अक्षराने पटलं.

इन्फ्रा (सर्व्हर सांभाळणं), ४ वर्षं

मला थोडं वेगळं म्हणायचंय. वरच्या अनुभवांत बराच भाग "मी स्वतःत काय बदललं" असा आहे. बर्नआउट एवढ्याने जात नाही. माझं गेलं नाही.

दर तिसऱ्या आठवड्याला ऑन-कॉल, म्हणजे रात्री काही बिघडलं की फोन मला. रात्री सरासरी दोनदा तरी फोन वाजायचा. सहा महिन्यांनी अशी अवस्था झाली की दुसऱ्या कुणाच्या फोनची तीच रिंगटोन ऐकली तरी घाम फुटायचा. आवडीचं काम होतं, पण मी नुसत्या पाट्या टाकू लागलो. ग्राहकाची तक्रार आली की त्यांचाच राग यायचा. आणि सारखं वाटायचं, मला हे जमतच नाही, बाकीच्यांना जमतं.

डॉक्टरांकडे गेलो ते झोपेसाठी. त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं, आणि तिथे बर्नआउट हा शब्द पहिल्यांदा नीट समजला. मानसशास्त्रज्ञ फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो वापरला, मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी पुढे त्याच्या तीन बाजू मांडल्या: पार गळून जाणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. तिसरी बाजू नीट बघा. थकवा स्वतःच तुम्हाला सांगतो की तुम्ही नालायक आहात. मी ज्याला इम्पोस्टर सिंड्रोम समजत होतो, ते बऱ्याच अंशी हेच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणच्या, हा शब्द महत्त्वाचा.

तीन आठवडे रजा घेतली. बरं वाटलं. परत आलो, फोन तोच, चौथ्या रात्री पुन्हा तिथेच. फरक पडला तो एका कंटाळवाण्या गोष्टीने. आम्ही महिनाभराचे सगळे अलर्ट (फोन वाजवणारे आपोआप इशारे) शीटमध्ये उतरवले आणि प्रत्येकापुढे लिहिलं: उठून काही केलं का? बहुतेकांपुढे "नाही, आपोआप ठीक झालं" असंच होतं. ते अलर्ट मॅनेजरसमोर ठेवले आणि रात्रीपुरते बंद करून घेतले. पुढच्या ऑन-कॉलमध्ये मी सलग पाच रात्री झोपलो.

ज्यांच्या हातात एवढंही नाही त्यांनी टीम बदलायचा विचार जरूर करावा. त्यात पळपुटेपणा नाही. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छा यांवर परिणाम होत असेल तर धाग्यांवर थांबू नका, डॉक्टर गाठा.

पदवीनंतरची पहिली नोकरी, ७ महिने

माझी भीती नवी आहे. अर्धा कोड एआय टूल लिहितं. पीआर मंजूर होतो, सगळे "छान" म्हणतात, आणि मला वाटतं, हे कौतुक माझं नाहीच. एकदा रिव्ह्यूमध्ये विचारलं, "इथे लॉक (एका वेळी एकालाच डेटा बदलू देणारं कुलूप) का घेतलास?" माझी बोलती बंद. कारण मी घेतलाच नव्हता, तो सुचवला गेला होता.

आता एक पथ्य पाळतो. जी ओळ मला समजावता येत नाही ती कमिट (कोडमध्ये पक्की) करत नाही. आधी कशी सोडवणार ते चार ओळींत स्वतः लिहितो, मग टूल उघडतो. वेग कमी झालाय, आणि त्याबद्दल एकदा विचारणाही झाली. पण संध्याकाळी काहीतरी आपण केलंय असं वाटतं.

टीम लीड, १२ वर्षं

दुसऱ्या बाजूने सांगते. नवा माणूस चार दिवस गप्प असतो तेव्हा मला तो हुशार वाटत नाही, मला काळजी वाटते. आमच्याकडे नियम आहे: पाऊण तास अडकलात की विचारायचं, आणि विचारताना काय करून बघितलं ते लिहायचं. निम्म्या वेळा लिहिता लिहिताच उत्तर सापडतं.

एक स्पष्ट बोलते. कधी कधी खरंच एखादी गोष्ट येत नसते. तिला सिंड्रोम म्हणून बाजूला सारू नका, ती शिका. फरक ओळखायची माझी रीत अशी: "मला काहीच येत नाही" हे भीतीचं वाक्य आहे, "मला जॉइन (डेटाबेसमधली टेबलं जोडणं) नीट येत नाहीत" हे कामाचं. दुसरं वाक्य घेऊन माझ्याकडे या, आठवड्यात सोडवू.

क्यूए ऑटोमेशन, ५ महिने

मीच पुन्हा, वर दोन ओळी लिहिलेली. आज स्टँड-अपमध्ये "होत आलंय" तोंडावर आलं होतं. त्याऐवजी म्हणाले, "मंगळवारपासून अडकलेय. लॉगिनची टेस्ट माझ्या मशीनवर पास होते, पाइपलाइनवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) फेल." दोघांनी एकदमच अनम्यूट केलं. त्यातली एक म्हणाली, तिचीही तीच टेस्ट दोन आठवडे कधी पास तर कधी फेल होतेय, ती गुपचूप रीरन मारत होती.

टिकेट अजून उघडंच आहे. उद्या अकराला दोघी मिळून बसणार आहोत.