पन्हाळा-पावनगडच्या गोळ्या: गडावर ठेवायच्या, संग्रहालयात, की मांडायच्याच नाहीत?

रंकाळा_टॉवर (धागाकर्ता)

२०२१ मध्ये पन्हाळ्याला लागून असलेल्या पावनगडावर जमिनीत पुरलेले चारशेहून अधिक तोफगोळे निघाले. गडावर राबणाऱ्या पोरांमुळे ते उजेडात आले, त्यांना मानाचा मुजरा. बघता बघता ते सगळे शिवकालीन ठरले. कशावरून ठरले, हे फारसं कुणी विचारलं नाही. पावनगड महाराजांनी बांधला हे खरं, पण हा गड १८४४ पर्यंत लढता होता. मधल्या पावणेदोनशे वर्षांत इथे किती हात बदलले! लोखंडाच्या गोळ्यावर साल कोरलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की जिल्ह्यात सापडणारी प्रत्येक गोळी, शिशाची असो वा लोखंडाची, कोल्हापुरातल्या एका दालनात यावी. नवीन राजवाड्यात तलवारी, भाले, बंदुका आपण लहानपणापासून बघतो. त्या बंदुकांतून सुटलेल्या गोळ्यांचं काय झालं, हे दाखवणारं दालन कुठेच नाही. आणि गोळीबरोबर ती नेमकी कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडली याची नोंद आलीच पाहिजे. नोंद नसलेली गोळी म्हणजे वजनावर विकायचं भंगार.

एवढा आग्रह का? १८४४ घ्या. कोल्हापूर संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला, गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिबंदीच्या, पिढीजात जमिनी आणि हक्कांवर गदा आली, तेव्हा सामानगड, भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. पुढे पन्हाळा-पावनगडही उठला. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याला पकडून पन्हाळ्यावर कोंडलं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला इंग्रजांनी तोफा लावून गड घेतला. हे सगळं आपल्याला कळतं ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतून. गडकऱ्यांनी अहवाल लिहिले नाहीत. त्यांची साक्ष मातीत आहे, शिशाच्या रूपात.

ती वाचता येते. न उडालेली, हातातून पडलेली गोळी गोल राहते. साच्याच्या दोन भागांचा सांधा तिच्यावर बारीक रेघेसारखा दिसतो, आणि शिसं ओतलं त्या तोंडाशी कापल्याची चपटी खूण असते. ठासणीच्या बंदुकीत गजाने जोरात ठासली असेल तर तिथे खळगा पडतो. उडून दगडावर आदळलेली गोळी बत्ताशासारखी पसरते, आणि कधी कधी तिच्यात दगडाचे कण रुतून बसलेले असतात. तटाच्या आतल्या अंगाला सापडलेल्या चपट्या गोळ्या बहुधा बाहेरून आलेल्या, खालच्या उतारावरच्या आतून सुटलेल्या. म्हणजे कोण कुठे उभं होतं, कुठे माघार घेतली, कुठे शेवटपर्यंत टिकलं, याचा नकाशाच तयार होतो.

अमेरिकेत हे करून दाखवलंय. लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या लढाईत अमेरिकन सैन्यातल्या कस्टरची तुकडी तिथल्या मूळ रहिवाशांनी कापून काढली. १९८३ मध्ये तिथलं गवत जळून गेलं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टरने मैदान पिंजून काढलं. प्रत्येक गोळी आणि पुंगळीच्या (काडतुसाच्या रिकाम्या आवरणाच्या) जागी झेंडी रोवून जागा मोजली, मगच वस्तू उचलली. पुंगळीच्या बुडावर बंदुकीच्या आघात-खिळीने उठलेल्या ठशांवरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे शोधता आलं. तिथल्या मूळ रहिवाशांकडे भराभर उडणाऱ्या रायफली मोठ्या संख्येने होत्या, हेही दिसलं. त्यांच्या पूर्वजांनी सांगितलेल्या हकिकती शंभर वर्षं कुणी फारशा मनावर घेतल्या नव्हत्या. गडकऱ्यांसाठी मला हेच हवंय.

गडवाट

दादा, नोंदीबद्दल शंभर टक्के सहमत. कोल्हापुरात आणण्याबद्दल साफ असहमत.

ब्रह्मपुरीचं काय झालं बघा. १९४५-४६ ला टेकडीवर उत्खनन झालं. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती ही त्याच ब्रह्मपुरीची, रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची खूण. वस्तू गेल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात. आज पंचगंगेकाठी त्या टेकडीवर उभ्या राहिलेल्या माणसाला पायाखाली काय होतं याचा पत्ता लागत नाही, आणि टाऊन हॉलमध्ये मूर्ती बघणाऱ्याला ब्रह्मपुरी दिसत नाही. दोन किलोमीटरच्या आत ही गत. मग पावनगडाचे गोळे शहरात आणून काय साधणार?

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत. यादीत नाव आहे ते गडाचं, गडाच्या जागेचं. तीन दरवाजातून आत शिरणाऱ्या पोराला तिथेच, त्या तटाजवळ गोळा दिसला पाहिजे. तो हातात धरून त्याने खालच्या दरीत बघितलं पाहिजे. काचेमागचा गोळा म्हणजे नुसता गोळा.

दारूगोळा_निवृत्त

मी आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलं. 'हातात धरून' वाचलं आणि लिहायला बसलो.

जुना तोफगोळा म्हणजे निरुपद्रवी लोखंड, असं कृपया कुणी समजू नका. भरीव गोळे वेगळे आणि आत दारू भरलेले पोकळ गोळे वेगळे. काळी दारू शेकडो वर्षं बंद पोकळीत जिवंत राहू शकते. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात एक जाणकार संग्राहक यादवी युद्धातला गोळा साफ करत असताना तो फुटला आणि त्यांचा जीव गेला. गोळा सुमारे १४० वर्षांचा होता.

आपल्याकडे पोकळ गोळ्यांची शक्यता पुस्तकी नाही. १६६० च्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज हेन्री रेव्हिंग्टनबरोबर सिद्दी जौहरच्या मदतीला पन्हाळ्याखाली आले, ते उखळी तोफ आणि फुटणारे गोळे घेऊनच. महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरवर चाल करून त्याचा हिशेब चुकता केला. १८४४ च्या वेढ्यातही असे गोळे पडले असणारच.

ओळखायचं कसं? कुठे बुजलेलं भोक, खुंटी किंवा पितळेचा तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, पोलिसांना आणि बॉम्बशोधक पथकाला बोलवायचं. ती खात्री झाल्यावर, जाणकारांच्या देखत, व्यास आणि वजन घ्यायचं. १० सेंटिमीटर व्यासाचा भरीव ओतीव लोखंडी गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो. गंजाने थोडा हलका होईल. पण अडीच किलो भरला तर आत पोकळी आहे असं धरून बाजूला व्हायचं.

रंकाळा_टॉवर यांच्या 'कशावरून शिवकालीन' या प्रश्नालाही वजनाची मदत होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफा पौंडांच्या ठरलेल्या मापांच्या: ६ पौंडी म्हणजे २.७ किलो, ९ पौंडी ४.१, १२ पौंडी ५.४. मोठ्या ढिगातली वजनं याच पायऱ्यांवर गोळा होत असतील तर इंग्रजांचा संशय घ्यायला जागा आहे. वजनं विस्कळीत असतील, गोळे घडवलेले किंवा ओबडधोबड ओतलेले असतील, तर देशी. हा पुरावा नव्हे, पण सुरुवात आहे. चारशे गोळ्यांची अशी यादी करायला दोन माणसं, एक काटा आणि एक कॅलिपर पुरे.

आणखी एक, फार कळकळीने. गोळे घासून काळा ऑइलपेंट मारायची पद्धत बंद करा. साच्याचा सांधा, आदळल्याची खूण, सगळं रंगाखाली जातं.

पेठेतली_ताई

मला हा सगळाच उत्साह खटकतो. गोळी गडावर ठेवायची की शहरात, यावर तुम्ही दोघं भांडताय. ती मांडायचीच कशाला, हे कुणीच विचारत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते. मुलांना शस्त्रांच्या दालनात नेलं की ती तलवारीपाशी थांबतात, बंदुकीपाशी थांबतात, मोबाइल काढतात. ती तलवार कुणाच्या मानेवर पडली, हे कुणाच्या मनातही येत नाही. गोळीचं दालन केलंत तर तेच होणार.

दिल्लीत राजघाटाजवळच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात बापूंचा जीव घेतलेल्या गोळ्यांपैकी एक ठेवली आहे, त्यांच्या रक्ताळलेल्या वस्त्रांसोबत. तिथे ती मांडणं मला पटतं, कारण शेजारी कपडा आहे. माणूस आहे. कोल्हापूरकरांना त्या गोळीशी आपला संबंधही माहीत असायला हवा. त्या हत्येनंतर या शहरात घरं जाळली गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. गोळी झाडणारा कोण, आणि होरपळलं कोण! एवढं सगळं सांगायची तयारी असेल तरच गोळी काचेत ठेवा.

जालियनवाला बागेत डायरच्या शिपायांनी १६५० फैरी झाडल्या. तिथे गेलेला माणूस कशापाशी थांबतो? भिंतीवरच्या खुणांपाशी, विहिरीपाशी. गोळी लागली ती जागा बघून काळजात चर्र होतं. गोळी बघून नुसतं कुतूहल चाळवतं.

रंकाळा_टॉवर

ताई, तुमचा मुद्दा जिव्हारी लागला, तरी मी मागे हटत नाही. लिंकन यांना लागलेली गोळी मेरीलँडमधल्या एका वैद्यकीय संग्रहालयात आहे. शेजारी ती शोधण्यासाठी जखमेत घातलेली सळई आहे आणि कवटीचे तुकडे आहेत. तिथे ती पराक्रमाची वस्तू राहत नाही. उलट इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याला लागलेली गोळी चांदीत मढवून विंडसरच्या राजवाड्यात ठेवली आहे, ती मला दागिन्यासारखी वाटते. तीच वस्तू, मांडणी वेगळी. म्हणजे भांडण मांडणीशी असायला हवं, गोळीशी नव्हे.

भिंतीवरच्या खुणा बोलतात हे मान्य. पण १८४४ नंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, तटबंदीची मोडतोड केली. खुणा असलेली भिंतच राहिली नाही, तर उरतं काय? मातीतलं शिसं.

गडवाट, तुम्हाला शिशाचं दुखणं सांगतो. प्लायवूडच्या किंवा लाकडाच्या बंद कपाटात शिशाची गोळी ठेवली की लाकडातून, डिंकातून सुटणाऱ्या आंबट वाफेने तिच्यावर पांढरी भुकटी धरते. आधी खुणा जातात, मग गोळीच जाते. ती भुकटी विषारी असते, हाताने पुसायची नसते. लोखंडाला उलट दमट हवा सोसत नाही, आणि पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुकं घरात शिरतं. गडावर चार महिने ही वस्तू कोण सांभाळणार? पत्र्याचं कपाट, हातमोजे, कोरडी हवा, आवक-नोंदवही आणि पगारी अभिरक्षक, हे शहरातच जमेल.

गडवाट

सज्जाकोठी, अंबरखान्यासारख्या इमारती शतकानुशतकं त्याच धुक्यात उभ्या आहेत. गडावर एक कोरडी खोली करणं अशक्य आहे, हे मला मान्य नाही. पैसा शहरात खर्च करायचा ठरवलंय, म्हणून गडावर जमत नाही.

डोंगरवाडी

मी पन्हाळ्याच्या मागल्या अंगाचा. आमच्या वाडीत देवळाच्या पायरीपाशी दोन गोळं हायत, आज्ज्याच्या आधीपासनं. दसऱ्याला हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो. कुणी तोफंचा म्हणून पुजत न्हाई, हितल्या माणसांनी राखलं म्हणून पुजतो. आता तुम्ही म्हणताय दालनात आणा, त्यो म्हणतोय गडावर न्या. आमाला कुणी इचारलं का? नांगराला गोळी लागली तर शेतकरी गप खिशात घालतोय न्हाईतर भंगारवाल्याला देतोय, कारण पोलिसाचं भ्या वाटतंय. आदी ते भ्या घालवा, मग नोंदी मागा.

दारूगोळा_निवृत्त

भाऊ, तुमचं भय अगदीच निराधार नाही. जिवंत काडतूस परवान्याशिवाय जवळ ठेवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. जुन्या शिशाच्या गोळीची गोष्ट वेगळी, पण फरक शेतात उभं राहून कोण समजावणार? त्यात १८७८ चा निखात निधी कायदा, जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवा म्हणतो. म्हणून आधी कळवणं हेच तुमच्या बाजूचं. सापडलं तिथेच ठेवा, मोबाइलवर फोटो आणि ठिकाण नोंदवा, तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

देवळातल्या दोन गोळ्यांना कुठे भोक किंवा खुंटी आहे का, एवढं लांबून बघून सांगाल? तोवर त्यांच्या अंगावर नारळ फोडू नका, निरांजन आणि उदबत्तीही जरा लांब ठेवा.

पेठेतली_ताई

डोंगरवाडी, तुमच्या पायरीवरची मांडणी मला आतापर्यंतच्या सगळ्या प्रस्तावांपेक्षा बरी वाटली. तिथे गोळ्याशेजारी माणसं आहेत. रंकाळा_टॉवर, तुमच्या दालनात गडकऱ्यांची नावं कुठून आणणार? जमिनींच्या सनदा, इनामाचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधा. गोळ्यांचा नकाशा नंतर.

रंकाळा_टॉवर

नंतर नको, बरोबरच. कागद शंभर वर्षं वाट बघतील, शिसं नाही. भंगारवाला वाट बघत नाही.

डोंगरवाडी

भोक न्हाई, दोनी भरीव दिसत्यात. वजन काट्यावर करून सांगतो. पर उचलून न्यायचं म्हणाल तर आदी गावसभा, आन् पावती कुणाच्या सहीची मिळणार ते लिवून द्या.