गुडघा बदलून घरी आलेली आई बाराव्या दिवशी पुन्हा भरती. चूक कोणाची?

ओसरी : आई ७१ वर्षांची. उजवा गुडघा बदलला, तिसऱ्या दिवशी घरी. नवव्या दिवशी पट्टीवर पिवळट डाग दिसला, फोटो पाठवला. उत्तर : 'होतं असं, पट्टी बदला.' बाराव्या दिवशी ताप, टाक्यांतून पाणी, पुन्हा भरती. पॅकेजच्या हिशेबात पेशंटला घाईने घरी धाडतात, दुसरं काही नाही. अमेरिकेत अपेक्षेपेक्षा जास्त पेशंट ३० दिवसांत परत आले तर मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) हॉस्पिटलचे पैसे कापतं, ३ टक्क्यांपर्यंत. २०१५च्या आर्थिक वर्षापासून त्यात गुडघे-खुबे बदलण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. आपल्याकडे २०१७मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम लागला, पण घरी गेल्यावर काय झालं ते कोण विचारतो?

आडवाट : तिसरा दिवस म्हणजे घाई नव्हे हो. पडून राहिलं तर पोटरीत गुठळी व्हायची भीती, शिवाय वॉर्डातले जंतू. तीन महिन्यांची सरासरी साखर किती होती? आमच्या सासऱ्यांचं हिमोग्लोबिन ९ निघालं, सर्जनने दीड महिना थांबवलं. तेव्हा आम्हीच कुरकुरलो होतो.

ओसरी : ८.४. त्यांनीच तपासली, त्यांनीच तारीख दिली!

आडवाट : एवढी जास्त साखर असताना? मग तक्रार तारखेची करा, डिस्चार्जची नको.

फिजिओताई : आधी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं का?

ओसरी : हो, पाच आठवडे आधी. पुतणीच्या लग्नात उभं राहायचं होतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे घेतलं, इथे सांगायचं राहिलं.

फिजिओताई : इंजेक्शननंतर निदान तीन महिने थांबायला सांगतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो म्हणून. हे सांगायलाच हवं होतं.

माळरान : सांगायचं राहिलं की विचारायचं राहिलं? कुठलं इंजेक्शन महत्त्वाचं ते घरच्यांना कसं कळणार? वजन, किडनी, हृदय, सगळं फॉर्मवर असतं. तंबाखूच्या रकान्यात मात्र 'सिगारेट ओढता का?' बाई नाही म्हणते, खूण होते. मिश्रीचं कोणी विचारत नाही, आणि निकोटीनने जखम भरायला वेळ लागतो.

ओसरी : लावते. पन्नास वर्षं. साखर, इंजेक्शन, मिश्री, सगळं मान्य. पण मग अशा बाईच्या पट्टीचा फोटो आल्यावर 'होतं असं'? त्याच दिवशी बोलावलं असतं तर?

आडवाट : यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी तिसऱ्या दिवशी सोडलं ते बरोबरच.