मदत हवी आहे: काकांच्या डार्करूममध्ये पोलोनियमचा ब्रश सापडला

मंडळी, जरा घाईत आहे. काकांचा जुना फोटो स्टुडिओ आवरतोय, रविवारी भंगारवाला येणार. एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) खोक्यात एक चपटा ब्रश मिळाला. मऊ केस, त्यांच्यामागे बारीक जाळी, जाळीआड धातूची पट्टी. मुठीवर किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह, 'पोलोनियम 210' आणि मार्च 1987. आत्यानं अमेरिकेहून आणला होता म्हणे.

काका सांगतात, निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर पांढरे ठिपके उठायचे, आणि साध्या ब्रशनं झटकायला जावं तर स्टॅटिकमुळे ती आणखीच चिकटायची. यातल्या पोलोनियममधून सुटणारे अल्फा कण जवळच्या हवेत विद्युतभारित कण तयार करतात, फिल्मवरचा विद्युतभार निघून जातो आणि धूळ सुटते. इथवर कळलं. पण मुलीनं 2006 सालचं लंडनचं लित्विनेन्को या माजी रशियन गुप्तहेराच्या हत्येचं प्रकरण वाचलं. चहातून दिलेलं विष हेच! आता खोक्याजवळ कोणी फिरकत नाही. मी तर केस किती मऊ आहेत बघायला गालावरून फिरवला होता.

धोका आहे का? आणि टाकायचा कुठे?

प्रतिसाद:
गाल सलामत आहे. अल्फा कण कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातच अडकतात. पोलोनियम घातक ठरतं ते पोटात किंवा फुप्फुसात गेल्यावर. शिवाय त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, 138 दिवसांचं. वर्षभरात जेमतेम सहावा हिस्सा उरतो. 1987 पासून जवळपास शंभर अर्धायुष्यं झाली. अशा ब्रशात मुळात मायक्रोग्रॅमहूनही कमी माल असतो, म्हणजे एवढ्या काळात त्याचं सगळं शिसं झालं.
मात्र लेबल नीट वाचा. काही जुन्या साधनांत रेडियम असायचं, त्याचं अर्धायुष्य 1600 वर्षं. तसं असेल तर गोष्ट वेगळी.
आणि भंगारात देऊ नकाच. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत किरणोत्सारी कोबाल्ट 60 भंगारात गेलं आणि एक माणूस दगावला. तुमच्या ब्रशात तसलं काही नाही, पण ते चिन्ह पाहून गोदामात पळापळ होईल. पट्टी उचकटू नका, डब्यात बंद करा, लेबलचा फोटो काढून मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारा.

धागाकर्ता:
आभार! लेबल पुन्हा पाहिलं, पोलोनियमच आहे. काकांना विचारलं, पट्टी दरवर्षी बदलायची होती ना? म्हणाले, "छे रे, 94 पर्यंत तीच होती. निघत होती की धूळ!"