पीएफ कापतात, पासबुकात जमा नाही. मदत हवी आहे

पहाटेची_लोकल
नमस्कार. दर महिन्याला पगारातून पीएफ कापतात. काल उमंग या सरकारी ॲपवर पासबुक उघडलं तर ऑगस्टनंतर एक रुपया जमा नाही. सुपरवायझर म्हणतो, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, होईल. ओव्हरटाइमही सिंगलच देतात. सोमवारी साहेबांना भेटायचंय, काय बोलू? प्लीज लवकर सांगा.

लालबागकर
कोणते साहेब? कुठे काम, किती माणसं, स्लिप मिळते का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

कुर्ला_पश्चिम
दुसरीकडे नोकरी बघा. माझ्या भावाने अशीच तक्रार केली, महिन्यात घरी बसवलं.

लालबागकर
नोकरी सोडली म्हणजे कापलेले पैसे परत येतात का? घाबरवू नका त्यांना.

कुर्ला_पश्चिम
घाबरवत नाहीये, घरात झालेलं सांगतोय. चूल बंद पडली की कायदा जेवायला घालत नाही.

पहाटेची_लोकल
सॉरी, घाईत लिहिलं. अंधेरी पूर्वेला एका कंपनीच्या ऑफिसात हाउसकीपिंगला आहे. आम्ही 26 जणी. पगार ठेकेदार देतो. स्लिप व्हॉट्सॲपवर येते: बेसिक-डीए 13,500, एचआरए (घरभाडं) 2,100, कापले पीएफ 1,620, ईएसआय (आजारपणाचा सरकारी विमा) 117, पीटी (व्यवसाय कर) 200, हातात 13,663. मागच्या महिन्यात मुलाला ताप होता, ईएसआयचं कार्ड घेऊन गेले तर खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, कार्ड बंद दाखवतंय. तापलेलं पोर कडेवर घेऊन परत फिरले.

मुलुंडची_काकू
पीटी का कापतात तुझा? महिलांना 25,000 पर्यंत माफ आहे, एप्रिल 2023 पासून. तेही मागून घे.

युनियनवाला
ताई, ठेकेदार आहे हे आधी सांगायला हवं होतं. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मूळ मालक सुटत नाही, म्हणजे ज्या कंपनीची लादी तुम्ही पुसता ती. सुपरवायझरला विसरा, कंपनीच्या एचआरला लेखी द्या. महिन्याचा भरणा पुढच्या 15 तारखेच्या आत व्हावा लागतो. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी कंपनीने पीएफ भरल्याचं चलन बघायला हवं होतं. ईएसआयचंही त्याच अर्जात लिहा, कापून न भरणं गुन्हा आहे.

लालबागकर
एचआर टोलवाटोलवी करेल. थेट बीकेसीत कामगार भवन गाठा, राज्याच्या कामगार खात्याचं ऑफिस.

युनियनवाला
पीएफ केंद्राच्या खात्याकडे, कामगार भवनात हेलपाटा पडेल. त्यासाठी पीएफचं तक्रार पोर्टल किंवा पीएफचं ऑफिस. कामगार भवनात ओव्हरटाइम आणि किमान वेतनाचं न्या. ओव्हरटाइम दुपटीने द्यावा लागतो.

कायदा_वाचक
बरेच जुने कामगार कायदे गेले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू आहेत.

युनियनवाला
संहितेतही ओव्हरटाइम दुप्पटच आहे. आणि ताई, किमान वेतन बघताना बेसिक आणि विशेष भत्ता (स्लिपवरचा डीए) धरा, एचआरए नको. भत्ता जानेवारी-जुलैत बदलतो. तुमचा आकडा जुलैपासून हललाय का?

पहाटेची_लोकल
नाही. वर्षभर तेवढाच आहे.

युनियनवाला
मग चालू दर काढून फरकही मागा.

दादर_दुकान
आमच्या दुकानात 8 जण आहोत. ईएसआय लागतो का? आणि ग्रॅच्युइटी?

मुलुंडची_काकू
दोन्हीला 10 माणसं लागतात. वेगळा धागा काढा ना, हिचं राहून जाईल.

पहाटेची_लोकल
आणखी तिघी सही करायला तयार आहेत. बाकीच्या घाबरतात. कुर्ल्याच्या दादांचं वाचून मीही रात्रभर जागी होते, पण मुलाच्या कार्डाचं मनातून जात नाही. अर्ज मराठीत दिला तर चालेल ना?

कुर्ला_पश्चिम
चौघी असाल तर द्या. माझा भाऊ एकटा होता आणि सगळं तोंडी बोलला होता.

युनियनवाला
मराठीतच द्या. दोन प्रती काढा, स्लिप आणि पासबुकाची प्रिंट जोडा, तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच दिली नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा.