टर्मिनलमध्ये चालणारी कामांची यादी: कोणते साधन निवडावे?

धागाकर्ता: नमस्कार. मी सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो, त्यामुळे उबुंटूचे टर्मिनल (आज्ञा टंकून संगणक चालवण्याची खिडकी) दिवसभर उघडेच असते. कामांची यादी मात्र आजवर पाठकोऱ्या कागदांवर लिहीत आलो. गेल्या महिन्यात एका संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे ग्राहकाकडूनच कळले, कारण तो कागद चहाच्या कपाखाली गेला होता. खाते उघडायला न लावणारे, इंटरनेटशिवाय चालणारे आणि मराठीत लिहू देणारे साधन कृपया सुचवावे.

प्रतिसाद १: आपण टूडू डॉट टीएक्सटी वापरून पाहावे. जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे साधन म्हणजे एक शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची छोटी फाइल) आणि एक साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक काम. ओळीच्या आरंभी कंसात रोमन मोठे अक्षर घातले की प्राधान्य ठरते, अधिक चिन्ह लावलेला शब्द प्रकल्प दाखवतो. मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो. काही टर्मिनलांत जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात, पण तो दोष पडद्यावरचा आहे, फाइलीतला नव्हे.

उबुंटूमध्ये पॅकेजचे नाव ‘टूडूटीएक्सटी-सीएलआय’ आहे. आप्टने (उबुंटूच्या पॅकेज बसवण्याच्या आज्ञेने) ते बसवल्यावर आज्ञा ‘टूडू-टीएक्सटी’ अशी द्यावी लागते, आणि बहुतेक सूचनांमध्ये ‘टूडू डॉट एसएच’ लिहिलेले असल्याने नवखा माणूस ‘कमांड नॉट फाउंड’ वाचून तिथेच अडतो. (आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन.) मी ‘टी’ असा एकाक्षरी एलियस (आज्ञेचे छोटे पर्यायी नाव) करून ठेवला आहे. नवे काम अवतरणचिन्हांत लिहावे, अन्यथा प्राधान्याचा कंस दिसताच शेल सिंटॅक्स एरर देते.

एका गोष्टीला मात्र जपावे. ‘डू ३’ दिल्यावर तिसरे काम झाले म्हणून नोंदले जाते, ‘डन डॉट टीएक्सटी’मध्ये हलते आणि त्याखालच्या सर्व कामांचे क्रमांक एकाने घटतात. मी एकदा पडद्यावरची जुनीच यादी पाहून ‘डू ३’ आणि पाठोपाठ ‘डू ५’ दिले, तेव्हा मूळचे सहावे काम, म्हणजे बॅकअप तपासणे, न करताच झालेले ठरले. ‘डू ३ ५’ असे एकाच आज्ञेत दिले असते तर हा घोळ झाला नसता.

प्रतिसाद २: वरील सल्ला उत्तम आहे, परंतु मूळ तक्रार मुदत हुकल्याची आहे. टूडू डॉट टीएक्सटीच्या ओळीत मुदतीची तारीख लिहिता येते. मूळ स्क्रिप्ट तिच्याकडे लक्ष देत नाही. टास्कवॉरियर या टर्मिनलमधल्याच दुसऱ्या साधनात ‘ड्यू’ला तारीख जोडली की ‘टास्क नेक्स्ट’ची यादी निकडीनुसार लागते आणि मुदत जवळ येईल तसे काम वर सरकते. शिकायला थोडा अधिक वेळ लागतो. शिवाय २०२४ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये साठवल्या जातात, म्हणजे फाइल संपादकात उघडून हाताने दुरुस्त करण्याची सोय गेली. मला ती अजून खटकते.

धागाकर्ता: आभारी आहे. प्रमाणपत्रांच्या मुदती टास्कवॉरियरमध्ये घातल्या, बाकी किरकोळ कामे साध्या फाइलीत ठेवली. कागदांवरून एकूण ४१ कामे उतरवली. त्यांपैकी नऊ कधीच उरकली होती. ही फाइल गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद १: चालेल. मात्र दोन यंत्रांवर बदल करणार असाल तर लिहिण्याआधी पुल करावे, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरचे बदल आधी ओढून घ्यावेत.