ताश्कंदमध्ये ज्येष्ठांसह फिरण्याबाबत मदत हवी आहे: मेट्रो की टॅक्सी?

ऑक्टोबरमध्ये आईवडिलांना घेऊन ताश्कंद आणि समरकंदला जायचे ठरले आहे. तिकिटे काढली आहेत, पण ताश्कंद शहरात फिरायचे कसे याचा मेळ अजून बसत नाही, म्हणून तिथे राहिलेल्या किंवा हिंडून आलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मुक्काम ओयबेक मेट्रो स्थानकाजवळ आहे. याच मार्गावर एका बाजूला लगेच रेल्वे स्टेशन लागते आणि दुसऱ्या बाजूला कॉस्मोनॉटलार, अलीशेर नवोई करत चोरसू बाजार, त्यामुळे बहुतेक ठिकाणी गाडी न बदलता पोचता येईल. शिवाय १९७७ साली सुरू झालेली ही मेट्रो स्वतःच पाहण्यासारखी आहे. छायाचित्रे काढण्यावरची बंदी २०१८ साली उठल्यापासून तिचे फोटो सगळीकडे दिसतात आणि कॉस्मोनॉटलारच्या निळ्या भिंतींवरचे अंतराळवीर गागारीन व तेरेश्कोवा बाबांना प्रत्यक्ष पाहायचे आहेत. अडचण आहे ती आईच्या गुडघ्यांची. तिला चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. २०२०नंतरच्या उन्नत मार्गाबद्दल मी विचारत नाही. या जुन्या भुयारी स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत साध्या पायऱ्या किती उतराव्या लागतात आणि उतरायलाही सरकता जिना असतो का, हे कोणी सांगू शकेल का?

पायऱ्या झेपणार नसतील तर यांडेक्स गो या टॅक्सी बोलावण्याच्या ॲपचाच पर्याय दिसतो. त्यासाठी तिथले सिमकार्ड घ्यावे, की भारतीय क्रमांकावर नोंदणी करून रोख सोम (तिथले चलन) दिलेले चालतात? आम्हा तिघांनाही रशियन किंवा उझबेक येत नाही, त्यामुळे चोरसूसारख्या गर्दीच्या बाजाराबाहेर चालकाचा फोन आला तर जागा कशी सांगायची, ही मला खरी धास्ती आहे. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवणे आणि भावासाठी घासाघीस करणे आईवडिलांसोबत शक्यतो नको.

बाबांचा आणखी एक आग्रह आहे. १० जानेवारी १९६६ला करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले, तेव्हा यशवंतराव चव्हाणही त्यांच्यासोबत ताश्कंदला होते. त्या दिवसांच्या बातम्या बाबांना अजून आठवतात. तिथल्या शास्त्रीजींच्या अर्धपुतळ्यापाशी त्यांना जायचे आहे. त्याला जवळचे मेट्रो स्थानक कोणते, आणि तिथून चालत जाणे आईला जमेल का, की थेट टॅक्सीच करावी?