मेहली मेहता परदेशी गेले, त्यात आपलं काय गेलं?

गोदाकाठ, नांदेड
व्हायोलिन शिकलेलं लेकरू परदेशी निघालं की आपल्याकडं लगेच ‘हातचं गेलं’ म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद, उभा केला. पंचेचाळिशी ओलांडल्यावर विलायतेला गेले आणि मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात असिस्टंट कॉन्सर्टमास्टर झाले. कॉन्सर्टमास्टर म्हणजे कंडक्टरच्या (समोर उभं राहून हातवाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या) डाव्या हाताला पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक. व्हायोलिनवर फिरवायचा गज कुठं वर, कुठं खाली, हे तो ठरवतो आणि मागची अख्खी रांग तसाच गज ओढते. इथं स्वतः ऑर्केस्ट्रा चालवलेल्या माणसानं तिथं दुसऱ्याच्या हाताखाली बसणं सोपं नव्हतं. पुढं १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिंफनी काढली आणि तीनेक दशकं तरुण वादक घडवले.

तबलजी, परभणी
घडवले ते तिकडचे! २००६ मध्ये मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया निघाला, तर त्याची धुरा कझाकस्तानच्या मरात बिसेंगालिएव यांच्याकडं आणि वादकही बरेचसे बाहेरचे. शिकवणारा गेला की असंच होतं. मुंबईची ही गत, मग आपलं काय? आमच्याकडं गजाचे केस बदलायचे तरी पुण्याला पाठवावा लागतो.

अंबाजोगाईची ताई
दादा, दोष मेहतांना कशाला? ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ-सत्तर माणसांचा दरमहा पगार. तो द्यायचा कुणी? आपल्याकडं व्हायोलिनवाल्याला सुगम संगीताची साथ मिळाली तर मिळाली, एरवी शिकवण्या. आणि बिसेंगालिएव परके कसे? तेही देश सोडून इथं आले. त्यांच्या ऑर्केस्ट्रातले वादक आपल्या मुलांना शिकवतात.

तबलजी, परभणी
मुंबईच्या मुलांना, ताई. लातूरला नीटचा क्लास गल्लोगल्ली आहे, व्हायोलिनचा गुरू शोधून दाखवा. जाणाऱ्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर येऊन इथं शिकवावं, एवढं तरी मागू की नको?

गोदाकाठ, नांदेड
जरूर मागा, पण अट घालून पाठवू नका. मेहतांनी इथं पेरलं ते वाया गेलं नाही. मुंबईच्या घरात बापाच्या तालमी ऐकत झुबिन वाढला आणि १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचा संगीत दिग्दर्शक, म्हणजे मुख्य कंडक्टर, होता.

तबलजी, परभणी
तोही गेलाच ना? माझं दुखणं तेच आहे.